मेळघाटच्या सहलीचा जमाखर्च

वार्षिक परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासून हातावेगळ्या झाल्या, की मराठवाड्यातील नोकरदार घरांत एक वही उघडली जाते. उन्हाळी सुट्टीत जावयाचे कोठे आणि त्याला खर्च किती येणार, याचा हिशेब त्या वहीत मांडला जातो. नवीन जालन्यात तर हा प्रश्न विशेष निकडीचा. कुंडलिकेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे, भोवती सळईचे कारखाने, बियाण्यांची गोदामे आणि पलीकडे मोसंबीच्या बागा. 'जालना सोने का पालना' ही म्हण अजूनही अभिमानाने सांगितली जाते, पण त्या पाळण्याला सावली धरणारा मोठा डोंगर जवळपास नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि नळाचे पाणी आठवड्याच्या अंतराने येऊ लागले, म्हणजे डोंगराची ओढ लागणे स्वाभाविकच होय.

अलीकडे या वहीत महाबळेश्वर-माथेरानच्या जोडीला मेळघाटचे नाव येऊ लागले आहे. ते येण्यास कारण आहे. अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा या तालुक्यांत पसरलेला हा सातपुड्याचा भाग, म्हणजे गाविलगडाच्या डोंगररांगा, महाराष्ट्रातील फार जुने राखीव वन आहे. १८६६ च्या सुमारासच इंग्रजांनी तेथील जंगल राखून ठेवण्यास प्रारंभ केला होता. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि १९८७ मध्ये त्यातून सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान वेगळे काढण्यात आले. वैराटचा माथा ११७८ मीटर उंच. घाटांचा मेळ तो मेळघाट ही व्युत्पत्ती येथील रस्त्यावरून एकदा गेलेल्या कोणासही पटावी. डोंगरातील राष्ट्रीय उद्यान पाहावयाचे, आणि तेही एका शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या वेतनात, तर जालनेकरांना मेळघाटाइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही.

सोयीचे म्हणजे जवळचे असे मात्र नव्हे. देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोला, परतवाडा या मार्गाने चिखलदरा तीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, पण तो मेळघाटाला स्पर्श करीत नाही. रेल्वेने जावे तर मोठा वळसा घालावा लागतो. जालना–खामगाव लोहमार्गाची मागणी पिढ्यान्पिढ्या होत आली आहे आणि तिची सर्वेक्षणेही होत आली आहेत. २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली ती मात्र जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला. तेव्हा तूर्त एसटी हेच खरे वाहन.

वाट जुनीच आहे

या प्रवासाला निघणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते की, जालन्याहून मेळघाटाला जाणारी वाट इतिहासात एकदा फार मोठ्या तयारीने चालली गेली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई दिली. त्यानंतर २९ नोव्हेंबरला अकोटजवळील अडगाव येथे आणि १५ डिसेंबरला थेट गाविलगडावर. असईचे माळरान ते गाविलगडाचा कडा हे अंतर त्या सैन्याने तीन महिन्यांहून कमी काळात काटले. त्यामागे शौर्याहून हिशेब अधिक होता. बैल किती, त्यांना चारा कोठे मिळणार, धान्याचा पुरवठा बंजाऱ्यांकडून कसा व्हावा, याचा विचार वेलस्ली अगोदर करीत असे. गाविलगडाच्या उत्तर बाजूने तोफा चढविण्यासाठी स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून स्वतः रस्ता खोदत वाट काढली. त्या बैलांच्या चाऱ्याचा, त्या रस्त्यासाठी राबलेल्या हातांचा आणि मधल्या गावांच्या रिकाम्या झालेल्या कणग्यांचा हिशेब मात्र कोणत्या वहीत लागला, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

पुढे वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, आणि त्या फौजेच्या छावण्यांपैकी एक जालन्यातही होती. त्याआधी तीस वर्षे, १८२३ मध्ये, हैदराबादच्या फौजेतीलच रॉबिन्सन नावाच्या कप्तानाने चिखलदऱ्याचा 'शोध' लावला, असे गॅझेटिअरवजा पुस्तकांत लिहिलेले असते. कोरकू, गवळी आणि गोंड तेथे पूर्वीपासूनच राहत होते. शोध लागला तो थंड हवेचा. जालना आणि मेळघाट यांचा संबंध असा जुना आहे, आणि तो नेहमीच 'खर्च कोणी करावयाचा' या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

प्रवासखर्चाची मोजपट्टी

आता त्या वहीकडे वळू. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब साधारण असा मांडला जातो: जाण्यायेण्याचे भाडे, दोन किंवा तीन रात्रींचे निवासशुल्क, जेवणखाण, जंगलात फिरविणाऱ्या जिप्सीचे भाडे, प्रवेशशुल्क, वाटाड्याचे मानधन, आणि 'इतर' या रकान्यात काही थोडे. ही बेरीज महिन्याच्या पगाराशी ताडून पाहिली जाते. पटली तर बेत कायम, न पटल्यास वेरूळ आणि घृष्णेश्वर. गृहिणी या बाबतीत अर्थशास्त्राच्या पदवीधरांहून अधिक काटेकोर असतात, कारण त्यांना पैशाच्या जोडीला श्रमाचाही हिशेब ठाऊक असतो. सहलीत चौघांपैकी कोणाला विश्रांती मिळते आणि कोणाला नाही, हे त्याच सांगू शकतात.

गंमत अशी की, या घरगुती वहीला अर्थशास्त्रात मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला एक प्रश्न पडला होता. उद्यानांपासून समाजाला लाभ होतो खरा, पण तो रुपये-आण्यांत, किंवा डॉलरांत म्हणा, मोजावा कसा? हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने पत्राने उत्तर कळविले. उद्यानाभोवती अंतराची वर्तुळे आखा. प्रत्येक वर्तुळातून किती माणसे येतात आणि येण्यासाठी किती खर्च सोसतात ते पाहा. दूरचा मनुष्य जो खर्च सोसून येतो त्यावरून जवळच्या माणसाच्या पदरात पडणारे आधिक्य काढता येईल. बाजारात ज्याची किंमत ठरत नाही त्याची किंमत प्रवासखर्चावरून काढण्याची ही युक्ती पुढे जगभर रूढ झाली. तिच्यात कल्पकता आहे यात शंका नाही. नवीन जालन्यातील शिक्षकाचे कुटुंब तीनशे किलोमीटरची दगदग सोसून सेमाडोहला पोचते, तेव्हा ते जणू आपले मतच नोंदवीत असते की, हे जंगल आम्हांस एवढ्या मोलाचे वाटते.

परंतु या मोजपट्टीत जो आला त्याचीच नोंद होते. जो येऊ शकला नाही त्याचे मूल्य शून्य धरले जाते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्टीवर काम करणारा मजूर मेळघाटला जात नाही. म्हणजे त्याच्या लेखी वाघाला व सागाला किंमत नाही, असा निष्कर्ष या पद्धतीतून निघतो. तो उघडच चुकीचा आहे. जॉन क्रुटिला याने १९६७ मध्ये या उणिवेकडे लक्ष वेधले. एखादे रान आपण कधी पाहणार नाही हे ठाऊक असूनही ते टिकावे असे वाटणारी माणसे असतात, आणि त्या वाटण्यालाही मोल असते. आपल्याकडे हे पटवून देण्यास विद्वानाची गरज पडू नये. काशीला कधीही न गेलेल्या कोट्यवधी लोकांना काशी असावी असे वाटतेच.

आणि जो तेथेच राहतो, ज्याला उद्यानात पोचण्यासाठी एक पैसाही प्रवासखर्च येत नाही, त्याचे काय? हॉटेलिंगच्या वर्तुळांच्या अगदी मध्यबिंदूवर उभा असलेला कोरकू या गणितात जवळजवळ दिसतच नाही. प्रवासखर्च नसल्याने त्याने जंगलासाठी काही मोजले नाही, असे ठरते. वस्तुतः सर्वांत मोठी रक्कम त्यानेच मोजली आहे.

वहीत नसलेले रकाने

राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात मनुष्यवस्ती नसावी, हे तत्त्व स्वीकारल्यानंतर गावे उठविणे क्रमप्राप्त झाले. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे २००१ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डोंगरातून अकोटकडील सपाटीवर आणण्यात आली. मग इतरही अनेक गावे खाली आली. २००८ पासून केंद्राच्या योजनेनुसार प्रत्येक कुटुंबामागे दहा लाख रुपये देण्याची तरतूद झाली आणि २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाख करण्यात आली. स्थलांतर स्वेच्छेचे असावे, असे कायदा सांगतो. काही कुटुंबे खरोखर स्वेच्छेने आली. रस्ता, शाळा, दवाखाना आणि वीज यांची ओढ कोरकूंना नसते असे मानणे हा शहरी लोकांचा एक भाबडा अहंकार आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा दवाखान्याचे अंतर म्हणजे काय हे सर्वांना कळले होते. बैरागडसारख्या गावी डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे यांनी ज्या काळात काम सुरू केले आणि २०१९ मध्ये ज्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, तो काळ आठवला म्हणजे जंगलातील जीवनाचे गोडवे गाण्याचा मोह आवरतो.

परंतु याच २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावांतील लोक केलपाणी-गुल्लरघाटच्या आपल्या जुन्या ठिकाणी परतले आणि वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांशी त्यांची चकमक झाली, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. माणसे मोबदला घेऊनही परत का जातात? कारण मोबदला ठरतो तो किंमत असलेल्या वस्तूंचा. घर, शेत, झाडे यांची किंमत लावता येते. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी, डिंक, सरपण, गुरांचा चारा, ओढ्याचे पाणी आणि अडीनडीला उभे राहणारे शेजारचे पाडे यांना बाजारभाव नव्हता, म्हणून त्यांचा मोबदलाही नव्हता. बँकेत आलेले दहा लाख मोठे दिसतात. सपाटीवर आल्यावर सरपणापासून सर्व काही विकत घ्यावे लागते, तेव्हा ते किती लवकर आटतात हे अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजारात कळते.

वैराटच्या माथ्यावरून पर्यटक आज सूर्यास्त पाहतात. तेथेही एक गाव होते. ते उठल्यावर त्या जागी गवत वाढले, गवतावर सांबर आणि रानगवे येऊ लागले, आणि गवतावर येणारे प्राणी दिसावेत म्हणून पर्यटकही येऊ लागले. गाव उठल्याने वनाचे भले झाले, हे नाकारता येणार नाही. पण त्या सूर्यास्ताचे तिकीट काढताना वहीच्या 'इतर' या रकान्यात वैराटच्या गावकऱ्यांचा खर्च बसत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा रकाना पाण्याचा. तो जालनेकरांना फोड करून सांगावयास नको. चिखलदऱ्यावर पाऊस जालन्याच्या दुपटीच्या आसपास पडतो. असे असूनही चिखलदरा तालुक्यातील मोथा, खडीमल यांसारख्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागलेली आहे. बेसाल्टचा उतार पाणी धरून ठेवीत नाही. ते सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांतून तापीला मिळते, दक्षिण उतारावरचे वान आणि शहानूरच्या धरणांत साठून पायथ्याच्या गावांच्या उपयोगी पडते. पाणी ज्यांच्या डोक्यावर पडते त्यांच्या हंड्यात ते राहत नाही. (पायथ्याची पूर्णा तापीची आणि कुंडलिका-दुधनेचे पाणी नेणारी पूर्णा गोदावरीची, नाव एक असले तरी मेळघाटच्या पाण्याचा एक थेंबही जालन्याकडे येत नाही.) तेव्हा नवीन जालन्यातून टँकरच्या रांगेला कंटाळून निघालेले कुटुंब मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात थंड हवेच्या ठिकाणी पोचते आणि लॉजवर दोन-दोन बादल्यांनी अंघोळ करते, त्या बादल्या कोणाच्या वाट्यातून आल्या, हे एकदा तरी विचारावयास हवे. लॉजच्या बिलात त्या पाण्याची किंमत धरलेली नसते.

तिसरा रकाना वन्यजीवांचा. मेळघाटात वाघ आहेत, पण ताडोब्यासारखे ते रस्त्यावर येऊन दर्शन देत नाहीत. डोंगर तुटक, झाडी दाट, वाघांचे प्रमाण विरळ. तीन दिवसांत वाघ पाहावयाचाच, असा हट्ट धरून आलेला पर्यटक निराश होतो आणि जिप्सीच्या चालकाला अधिक आत, अधिक वेगाने नेण्याची गळ घालतो. अशा माणसाने येथे येऊच नये. अस्वल, रानकुत्रे, रानगवा, सांबर, आणि नशीब असेल तर रानपिंगळा दिसू शकतो. या लहानशा घुबडाची कथा ऐकण्यासारखी आहे. १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, १८८४ नंतर ते कोणाच्या दृष्टीस पडले नाही, नामशेष झाले असे मानले गेले. आणि १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबारकडील शहाद्याजवळ ते पुन्हा आढळले. पुढे मेळघाटातही ते असल्याचे दिसून आले. शंभरावर वर्षे ते या सागाच्या रानांत होतेच. पाहणाऱ्यांची नजर तेवढी दुसरीकडे होती.

प्रवेश कोणाला?

येथपर्यंत वाचून एखादा संवेदनशील वाचक म्हणेल की, मग न गेलेलेच बरे. हा निष्कर्षही घाईचा ठरेल. लोक जंगल पाहणार नसतील, तर जंगलासाठी कर देण्यास ते किती काळ तयार राहतील? अकोला–खंडवा हा जुना मीटरगेज लोहमार्ग मेळघाटच्या जंगलातून, धूळघाटच्या वळशातून जात असे. तो रुंद करताना जंगलातूनच न्यावा की बाहेरून, असा वाद उत्पन्न झाला. बाहेरून नेणे म्हणजे अधिक लांबी आणि अधिक खर्च. तरीही २०२० मध्ये राज्य सरकारने बाहेरचा मार्ग घ्यावा असा आग्रह धरला. तसा आग्रह धरण्यामागे मेळघाट पाहिलेल्या, त्याविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांचे बळ होते. ज्याला मतदार पाहत नाहीत, त्याच्या बाजूने सरकार सहसा उभे राहत नाही.

मात्र सर्वांनीच जावे हेही शक्य नाही. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते बंद केले होते. ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक नियमांसह ते पुन्हा खुले झाले, आणि गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन नसावे असे ठरले. म्हणजे जागा मर्यादित, मागणी वाढती. मर्यादित वस्तूचे वाटप कसे करावयाचे, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. गॅरेट हार्डिन याने १९६८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात राष्ट्रीय उद्यानांचेच उदाहरण घेतले होते, तेही योसेमिटी या डोंगरातील उद्यानाचे. दरी एकच, माणसे मात्र वाढतच जाणार. सर्वांना मुक्त प्रवेश ठेवला तर काही वर्षांत ते उद्यान कोणाच्याच उपयोगाचे राहणार नाही. उपाय त्याने मांडले ते असे: प्रवेश पैशावर विकावा, गुणवत्तेवर द्यावा, सोडत काढावी, किंवा रांगेत जो आधी येईल त्याला द्यावा. यांतील प्रत्येक उपाय आक्षेपार्ह आहे, हे त्यानेच मान्य केले होते.

आपल्याकडे पैसा आणि रांग या दोन उपायांची सरमिसळ झाली आहे. रांग आता संगणकावर लागते. आरक्षण खुले होताच पहिल्या तासात ज्याला ते करता येते, ज्याच्याकडे स्वतःची मोटार आहे आणि रजा हवी तेव्हा मिळते, तो पुढे जातो. दिवाळी आणि मे या दोन सुट्ट्यांखेरीज ज्याला रजाच नाही, असा शिक्षक आणि कारकून मागे राहतो, किंवा नेमका अशा आठवड्यात पोचतो की, चिखलदऱ्याच्या प्रत्येक 'पॉइंट'वर मोटारींची रांग लागलेली असते. प्रवेशशुल्क वाढवा म्हणजे गर्दी कमी होईल, असे काही जण सुचवितात. गर्दी कमी होईल खरी. पण कमी होणारी माणसे कोणती असतील हे उघड आहे. सर्वांच्या करांवर चालणाऱ्या उद्यानाचे दार केवळ श्रीमंतांपुरते उघडे ठेवणे हा न्याय नव्हे.

यावर एक मधला मार्ग काढता येईल. दररोजच्या परवान्यांपैकी ठराविक हिस्सा शाळा-महाविद्यालयांच्या गटांसाठी आणि एसटीने येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. त्याचे शुल्क नाममात्र असावे. उरलेल्या परवान्यांचे शुल्क सुट्टीच्या दिवसांत खुशाल चढते ठेवावे, जसे रेल्वे आणि विमान कंपन्या ठेवतात. आणि या चढत्या शुल्काचा ठराविक भाग, व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाच्या खात्यातून, पुनर्वसित गावांच्या हाती दरवर्षी पडावा. एकरकमी दहा-पंधरा लाखांनी जे साधले नाही ते दरवर्षी येणाऱ्या थोड्या उत्पन्नाने साधण्याची शक्यता अधिक. ज्याने जमीन दिली त्याला भाडे मिळावे, एवढेच यात आहे. दानधर्माचा प्रश्न नाही. आज सफारीत वाटाडे आणि चालक म्हणून कोरकू तरुणांना काम मिळते, ही चांगली गोष्ट. पण जागेचा मालक आणि जागेवरचा मजूर यांतील भेद जालन्यासारख्या कारखानदारीच्या गावाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे धोरणाचे झाले, आणि धोरण ठरण्यास वेळ लागतो. वही मात्र याच वर्षी भरावयाची आहे. तेव्हा तीत काही दुरुस्त्या करता येण्याजोग्या आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्याऐवजी परीक्षा संपताच, एप्रिलच्या अखेरीस निघावे. जंगल तेव्हा निष्पर्ण झालेले असते आणि पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याचा संभव अधिक असतो. पावसाळ्यात गाभ्यातील सफारी बंद असते, हे चिखलदऱ्याचे धबधबे पाहण्यास जाणाऱ्या बहुतेकांना ऐन वेळी कळते. वैशाखी पौर्णिमेला मचाणावर बसून रात्रभर पाणवठा पाहण्याची सोय वनखाते करते. तिच्यासाठी अर्ज फार आधी करावा लागतो. मुक्काम चिखलदऱ्याऐवजी सेमाडोहला किंवा कोलकासला मिळाल्यास उत्तम. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी घटांगच्या वळणांवरून सेमाडोहला पोचविते, मोटारीची गरज पडत नाही. मुले लहान असतील आणि एवढा प्रवास झेपणारा नसेल, तर कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. ते राष्ट्रीय उद्यान नाही, डोंगरही बुटके, पण पितळखोऱ्याची लेणी आणि पाटणादेवीचे रान एका दिवसात पाहून होते. पहिल्या वर्षी गौताळा, दुसऱ्या वर्षी मेळघाट, असा क्रम पुष्कळ घरांना परवडेल.

कोलकासच्या विश्रामगृहाखाली सिपना नदी वळण घेते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. एप्रिलमध्येही तिच्या डोहांत पाणी असते, आणि ते पाहण्यासाठी नवीन जालन्यातील मुलांना तीनशे किलोमीटर नेणे मुळीच वायफळ नाही. हा बेत जमावयाचा असेल तर वही मेमध्ये उघडून चालणार नाही, फेब्रुवारीतच उघडावी लागेल. सामानाच्या यादीत वीस लिटरचा पाण्याचा डबा अवश्य लिहावा, आणि तो परतवाड्यालाच भरून वर न्यावा. एसटीचा वाहक कुरकुर करील खरा. पण डबा उचलून गर्दीतून वाट काढण्याची सवय जालन्याच्या माणसाला असतेच.